घरी न सोडलेले

सिस्टर : रीस्टार्टचं नाव काढू नका. हिवाळ्यात केलंत, तेव्हा वॉर्डातल्या सगळ्या घंटा मुक्या झाल्या. खिडकीजवळचे आजोबा दाबून दाबून कंटाळले, एकटेच उतरायला गेले आणि पडले.

प्रोग्रामर : म्हणूनच चालू ठेवून शोधतोय. बंद केलं की मेमरी रिकामी होते, आणि तिच्यात काय साचलं होतं तेही पुसलं जातं.

सिस्टर : शोधा, पण लवकर. पेशंट घंटा दाबतो आणि माझ्या टेबलावर ती वाजेपर्यंत चहा गार होतो.

प्रोग्रामर : हा प्रोग्राम प्रत्येक पेशंटला सतत विचारत असतो, काही हवं आहे का. उत्तर आलं नाही, तर तशी नोंद ठेवून पुन्हा विचारतो. तुम्ही 'घरी सोडलं' दाबलंत, की त्या नोंदी टाकून देतो.

सिस्टर : दाबतो की आम्ही. न चुकता.

प्रोग्रामर : काहींचं राहिलंय. हे बघा, कोपऱ्यातल्या खाटेवर माणूस एक, आणि विचारपूस चौघांची. या आजी तर उन्हाळ्यापासून आहेत.

सिस्टर : त्या? त्या गेल्या हो.

प्रोग्रामर : घरी?

सिस्टर : अहो, वारल्या!

प्रोग्रामर : मग बटण...

सिस्टर : मुलगा समोर रडत उभा, आणि मी 'घरी सोडलं' दाबू? इथं कुणीच दाबत नाही. पडदा ओढतो आणि खाटेचा स्क्रीन बंद करतो. नव्या मुलींनाही तसंच शिकवलंय.

प्रोग्रामर : स्क्रीन बंद केल्याचं प्रोग्रामला कळत नाही. उत्तर येत नाही, एवढंच कळतं. तो विचारत राहतो, नोंदी साचत जातात, आणि त्यांच्याखाली जिवंत माणसाची घंटा अडकते.

सिस्टर : अगं बाई! म्हणजे त्या सगळ्यांना अजून विचारतोय?

प्रोग्रामर : सगळ्यांना. तितक्याच तत्परतेने.

सिस्टर : (खुर्ची ओढून बसत) आता काय करायचं?

प्रोग्रामर : वेगळं बटण करून देतो. त्यावर काय लिहू?

सिस्टर : काही लिहू नका. फक्त 'घरी सोडलं'च्या शेजारी ठेवू नका.

प्रोग्रामर : बरं. तोवर यांना इथूनच सोडता येईल. नाव निवडायचं, ही कळ दाबायची.

सिस्टर : सरका, मी दाबते. आधी आजी. मग हे मास्तर. इंजेक्शन देतानाही माझे उच्चार सुधारायचे.

प्रोग्रामर : मेमरी मोकळी होतेय.

सिस्टर : थांबा, बारा नंबर! हात अजून बटणावरच आहे त्यांचा, तेवढ्यात घंटा वाजलीसुद्धा. जाते मी.

प्रोग्रामर : आणि उरलेले?

सिस्टर : तुम्ही सोडा. पण सगळे एकदम नका सोडू.