आरशावरची फट

खोटं सांगत असेन तर माझे उरलेले चार दात आत्ता पडोत. खाचेतून धावणाऱ्या छोट्या विजेच्या गाड्यांची शर्यत होती. तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे दीर-भावजय उभे होते.

“भावोजी, हे येतीलच आता. बसलं का चाक?”

“झाडताना गाडी पाडलीत तुम्ही, आणि घाम मला फुटलाय. पर्समधला आरसा सपाट धरा बघू.”

“धरला.”

“पुढची चाकं नुसती टेकायला हवीत, वहिनी. भार सगळा गाडीखालच्या जिभेवर. ती खाचेत बसते ना! इथे उजवं चाक खाली उतरलंय, डावं अधांतरी.”

“अगं बाई! नख जाईल एवढी फट!”

“पहिल्याच वळणावर जीभ सुटणार आणि गाडी थेट पंचांच्या टकलावर.”

“चेष्टा सुचतेय तुम्हाला! ह्यांना केसाएवढा फरक दिसतो. वर्षभर खपलेत या गाडीवर. माझी धडगत नाही.”

“दादा आला! गप्प राहा.”

“काय गं, अजून रांगेतच? आरसा नीट धर, चाकं बघू दे.”

“अहो, मी काय म्हणते...”

“थांब जरा. वा! दोन्ही कशी बरोबर टेकलीत. आण, मीच टेबलावर देऊन येतो.”

“सुटलो, वहिनी! गेला एकदाचा.”

“भावोजी, फट तशीच होती ना?”

“तशीच.”

“नाक आरशाला लागेपर्यंत वाकले होते हो ते, तरी दिसली नाही!”