तीन पेले आणि होल्गरची न्याहारी

ट्राममध्ये इंगरच्या पुढच्या बाकावर कोपनहेगनच्या बिअर कारखान्यातले दोन म्हातारे बसले होते.

"बिअरचे तीन पेले ठेव, एयनर. दोन एकसारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते मी नुसत्या वासावरून सांगतो!"

"मग आजच्या चाचणीत सांगितलास का, होल्गर?"

"आज चुकला."

"आणि बाकीच्या अकरा जणांचं?"

"त्यांतल्या चौघांचं बरोबर आलं."

"अरे, बारा जणांत चार तर डोळे मिटून बोट ठेवलं तरी येतात!"

"चाचणीचा हिशेब करणारी ती आकडेवाली बाईही तेच म्हणाली. आठ आले असते, तर फरक कळतो असं तिने मानलं असतं. आता फरक कळत नाही म्हणून बिअरमध्ये स्वस्त परदेशी जव पडणार आणि माझ्या मेहुण्याचे जव त्याच्याच कोठारात राहणार."

"बायकोला सांगितलंस?"

"ट्राम घरापर्यंत पोचू तरी दे!"

"पण सगळे मुरलेले चाखणारे ना, लेका? झालं काय त्यांना?"

"त्यांनी नीट चाखावं म्हणून सकाळी मीच न्याहारी घातली. खारवलेले हेरिंग मासे, कच्चा कांदा आणि वर कडक दारूचा एकेक पेला."

"चाखायच्या आधी?"

"अंगात जोर नको यायला?"

इंगरने हसू लपवायला घाईघाईने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"मग त्या चौघांचं बरोबर कसं आलं?"

"ते न्याहारीला आलेच नव्हते."