छतावरच्या कुरोड्या

— हॅलो?… कोण, प्रेरणा? बोल बाई, बोल… अजून आदिलाबादलेच?… ढाब्यावरून बोलून राह्यली? काऊन, गाडी बंद पडली का?

गाडी बंद पडलेली नाही, हे कौशल्याबाईंना चांगलं ठाऊक होतं. काल रात्री त्यांच्या यजमानांनी, प्रभाकररावांनी, फोनवरूनच हिंगणघाटचं घर दणाणून सोडलं होतं. रामेश्वरला जायचं म्हणून या गृहस्थांनी जुनी मिनीबस घेतली, आत पलंग टाकला, शेगडी बसवली, छतावर एसी चढवला आणि तिला घरगाडी म्हणायला लागले. बायकोला गाडी लागते, म्हणून ती राहिली घरी. लेक प्रेरणा गेली सोबत. पहिल्याच मुक्कामाला एसीखालून पाणी टपकायला लागलं, थेट पलंगावर. पोळा झालेला, पाऊस उघडलेला, नुसती उमस, आणि छत गळतंय!

एसी बसवला होता धाकट्या भावानं, बंडूजीनं. दोघा भावांचा कित्येक वर्षांचा अबोला या गाडीपायी आत्ता कुठे सुटला होता. काल त्याला फोनवर नाही नाही ते ऐकवलं गेलं. तो बिचारा सकाळीच बोरगाव मेघेहून पान्यांची पिशवी घेऊन निघाला. वाटेत वहिनीकडे थांबला. वहिनीनं पाणी दिलं, बोलली मात्र काही नाही.

— आले का तुहे काका?… बरं… छतावर चढले? या उनात?… अन् बाबा?… खाली उभे राहून बोलूनच राह्यले? लोकाईसमोर?… अरे बाप्पा!

— काय? एसीची पेटी उचलून राह्यले?… नाई नाई, उचलू नका म्हणा! पेटीखालचं रबर नाई बिघडलं… मले कसं माहीत म्हणजे? तसंच… हो, हो… अगं ऐक ना! पेटीच्या बुडाशी बारकी भोकं असतात. एसीचं पाणी तिथून छतावर निघून जाते. ते बुजले असतील. गरम पाणी टाका अन् काडीनं कोरा. बोल्ट खोलाचं कामच नाई.

— टीव्हीवर पाह्यलं… कोणत्या कार्यक्रमात म्हणजे? असते एखादा… दुपारी.

दुपारी टीव्हीवर काय असतं, ते लेकीला आईपेक्षा जास्त माहीत. कौशल्याबाईंना जन्मात कधी खोटं पचलं नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं, शेजारीण नाही ना, आणि आवाज बारीक केला.

— बाबा जवळ आहे का?… ऐक मंग, अन् ओरडू नको. चैतात गाडी अंगणात उभी होती ना? खाली कोंबड्या, बकऱ्या. अन् वर कसा स्वच्छ पत्रा, दिवसभर ऊन… हो. घातल्या. वर्षाच्या कुरोड्या… सगळ्याच. शिडी लावून… गुडघा दुखतच होता वं, पहिले ऐक तर! चिकानं भरलेला गंज त्या पेटीवर ठेवला अन् लवंडला.

— पुसलं ना! वरवरचं पुसलं. भोकायत गेला तो गेला. वाळला का दगड अन् ओला झाला का गोंद, तुले माहीत नाई का गव्हाचा चीक?… हो, बंडूजीनं बजावलं होतं. वहिनी, ही भोकं मोकळी राह्यली पाहिजे म्हणून… मंग पावसाळाभर गाडी शेडमंदी, कोणाले दिसते?

— काल बाबाचा फोन आला तवाच समजलं मले… हो, तवाच… सकाळी काका आले तवाही समजलेलंच होतं… नको ना वं असं बोलू मायले.

लेक बोलली ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. कौशल्याबाईंनी पदरानं घाम पुसला. तेवढ्यात तिकडे फोन दुसऱ्याच हातात गेला.

— कोण?… बंडूजी! हो, मीच… पोरीनं सांगतलं?… निघाला? चीकच आहे ना?… भाऊजी, माह्या हातानं झालं हे. तुमच्या कामात काही खोट नाई.

— काय?… आधीच मागतली? कशाची माफी? तुम्ही काय केलं?… पाया पडले? ढाब्यावर?… अन् ते?… पाठीवर हात ठेवला?… चहा पाजला?

कौशल्याबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

— त्याहिले नाई सांगू? काऊन?… मिटलं म्हणता…

मोह झालाच हो त्यांना. ज्याच्यावर आळ आला तोच म्हणत होता, वहिनी, जाऊ द्या. हूं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण तोंडातून हूं निघेना.

— कोणाच्या जिवावर मिटलं, भाऊजी? दिवाळीले तुम्ही इथं जेवाले बसाल, अन् ते चार लोकाइले सांगतील का बंडूचं काम कच्चं. अन् मी वाढत राहू? नाई होत माह्यानं. द्या त्याहिले फोन… द्या म्हणते ना!

— अजी, मी बोलून राह्यली. मधात बोलू नका. छतावर कुरोड्या मी घातल्या. चीक मी सांडवला… नाई, बंडूजीले वाचवाले नाई म्हणून राह्यली. त्याहिची बाजू घ्याची सवय आहे मले, कबूल. पण हे तसं नाई. तो चीक चाखून पाहा, माह्या कुरोड्यायतलं जिरं लागते का नाई… 

— काल काऊन नाई सांगतलं?

विसरली, भ्याली, लक्षात नाही आलं, असं बरंच काही सांगता आलं असतं.

— खरं सांगू? तुम्ही त्याहिले शिव्या देऊन राह्यले होते, अन् मले बरं वाटलं. मले नाई बसून राह्यल्या म्हणून. सकाळी ते इथं पाणी पिऊन गेले, तवाही मले बरंच वाटलं.

तिकडून एका ट्रकचा भोंगा वाजून गेला.

— हॅलो?… आहे ना?… नाई, मले काय बोलायचं ते घरी येऊन बोलजा. बंडूजी तिथंच आहे का?… त्याहिनं तर माफी मागतली तुमची, पाया पडून. आता तुम्ही काय करता ते तुम्ही पाहा… मी कायले ऐकू? तुम्हा दोघाचं आहे ते. ठेवते.

तिकडे प्रभाकररावांनी भावाला हाक मारलेली त्यांना ऐकू आली. ती रागाची होती की कसली, ते कळायच्या आत कौशल्याबाईंनी फोन ठेवला.