फलाट हाच!

...आणि वर पुन्हा मलाच विचारतात, "काय हो, गांधीलमाशी चावली का?" अहो, चावली असती तर सोन्याहून पिवळं! गांधीलमाशी आपणहून येते, चावते, निघून जाते, तिला डबीत भरून खिशात घालून हिंडावं लागत नाही! माझा वरचा ओठ जो टम्म फुगला होता तो माझ्याच हाताने, माझ्याच अकलेने... आणि अक्कल तरी केवढी, तर एका ड्रायव्हरने एक वाक्य टाकलं आणि मी ते असं काही उराशी धरलं की जसा काही सरकारी हुकूमच. काय वाक्य? "धूर नाही ना? मग झालं तर!"

थांबा, असं मधूनच नको. नीट सांगतो.

तुम्हाला सांगतो, माझी नोकरी बसस्थानकावरची. चौकशीच्या खिडकीत. डोक्यावर ही एवढी पाटी, "चौकशी", आणि तिच्याखाली मी. आमची ही म्हणते, "पाटी चुकीच्या जागी लावलीय, ती आपल्या घराच्या दारावर हवी." कारण काय आहे, मला माणसांबद्दल आस्था फार. समोरच्यांकडे नवं कपाट आलं ते कुणाच्या पैशाने, खालची शिंपीण हल्ली मशीन चालवताना गाणं का म्हणत नाही, पोस्टमन दुसऱ्या मजल्यावर पाणी प्यायला बसतो आणि आमच्या मजल्यावर का बसत नाही... हे कुणीतरी बघायला नको? पण बघायचं तर उभं राहायला निमित्त लागतं. जिन्याच्या खिडकीत नुसते उभे राहा, लोक म्हणतात, डोकावतोय मेला. तेच हातात सिगारेट घेऊन उभे राहा, लोक म्हणतात, सिगारेट ओढतोय बिचारा. बघा, किती स्वस्तात अब्रू वाचते! तर अशी माझी ती सिगारेट. मी ओढत कमी होतो हो, बघत जास्त होतो. ओढली जायची ती आपली बघता बघता.

आणि अशात मुलीचा फोन. लेक आमची लांब दिली आहे, तिला मुलगी झाली, पण घाईघाईने झाली, वेळेआधी, आणि छाती जरा नाजूक. आता रांगायला लागली होती, तरी मी तिला फक्त फोनच्या काचेत बघितलेलं. काचेला नाक लावून "आलं का माझं पिल्लू" म्हणायचं आणि पिल्लू कान ओढायचं, तेही स्वतःचाच. तर लेक म्हणाली, "बाबा, तीन आठवड्यांनी रविवारी महिनाभरासाठी येईन म्हणते. पण बाळाला धूर चालत नाही. घरात सिगारेटचा वास जरी आला ना, तर आल्या पावली परत जाईन." मी म्हटलं, "सोडली!" लगेच. विचार न करता. ती म्हणाली, "कधी सोडलीत?" मी म्हटलं, "आत्ता, तू बोलत होतीस तेव्हा!"

बोलायला काय जातं हो! संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांना वळवळ सुटली. जिन्यात गेलो, तर हात कुठे ठेवायचे ते कळेना. कठड्यावर ठेवले, खिशात घातले, शेवटी मागे बांधले, तर शिंपीण खालून म्हणते, "काका, काही हरवलंय का?"

दुसऱ्या दिवशी डेपोत मिशा भेटला. मिशा म्हणजे आमचा ड्रायव्हर; आधी मिशी येते, मग माणूस येतो, म्हणून मिशा. माझं तोंड बघून म्हणाला, "काय चौकशीवाले, सुतक आहे का?" मी सगळं सांगितलं. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि दुकानाचं शटर उचलावं तशी मिशी उचलली. आत ओठाखाली कपात बुडवायच्या चहाच्या पुडीची नात शोभेल अशी इवलीशी पांढरी पुडी! "तंबाखूच आहे," म्हणाला, "पण पेटवायची नाही, चावायची नाही, थुंकायची नाही. ठेवायची आणि विसरायची. सिगारेटपेक्षा अपाय कमी. मी स्टेअरिंगवर असताना हीच ठेवतो. आणि धूर नाही ना? मग झालं तर!"

काय सांगू तुम्हाला, ढग बाजूला होऊन ऊन पडावं तसं झालं. लेकीची अट काय? धूर नको. इथे काय नाही? धूर! अट पूर्ण, शब्द खरा, तंबाखू चालू... एवढा मोठा शोध आपल्या हातून लागावा आणि आपण मात्र चौकशीच्या खिडकीत!

एकच गोष्ट मी बघितली नाही. त्याला मिशी होती. मला नाही! त्याचं सगळं सामान शटरच्या आत, माझं दुकान उघड्यावर. म्हणून ती गांधीलमाशी.

पहिल्याच दिवशी लागली उचकी. खिडकीपुढे एक आजीबाई, "बाळा, शेवटची गाडी कधी?" मी म्हटलं, "साडे... हुक्!" "साडे किती?" "हुक्!" आजीबाईंनी पाठीमागच्याला विचारलं, "साडे हुक् म्हणजे किती रे?" पण म्हटलं, असू दे, सवय होईल. धूर नाही ना? मग झालं तर!

मग घरचा प्रकार. ती पुडी ओठात असताना मी बोलतच नव्हतो, नुसतं "हं" करायचो. आमची ही खूश. म्हणे, सिगारेट सोडल्यापासून स्वभाव शांत झाला हो यांचा. एक दिवस धुवायला शर्ट घेतला, खिशात डबी, डबीत पांढऱ्या पुड्या. बाहेर येऊन मला विचारते, "अहो, हे काय? नव्या बुटांबरोबर ओल शोषायला मिळतात त्या पुड्या का?" आता माझ्या ओठात त्यांचीच बहीण बसलेली, मी काय बोलणार? मी म्हटलं, "हं." ती म्हणाली, "बरं झालं बाई!" आणि गेली. मीही पेपर वाचत बसलो. जरा वेळाने सहज आत डोकावलो, तर काय बघतो? बाळासाठी आणलेली झबली, टोपडी, इवले इवले मोजे, कपाटात घडी घालून ठेवलेले, आणि प्रत्येक घडीत एकेक पुडी! तंबाखूची!

ही स्वयंपाकघरात गेली तसा मी कपाटात शिरलो, एकेक मोजा उलटा करतोय, एकेक टोपडं झटकतोय... आणि ही मागे उभी. मला वाटलं, संपलं. तर हिच्या डोळ्यांत पाणी! म्हणते, "नातीचे कपडे हातात घेऊन बघताय होय? एवढी ओढ लागलीय?" मी म्हटलं, "हं."

त्या वेळी खरं तर शहाणं व्हायला हवं होतं की नाही? पण नाही. मी स्वतःलाच सांगितलं, सगळ्या पुड्या मिळाल्या, मोजे शाबूत आहेत, धूर नाही ना? मग झालं तर!

वरच्या मजल्यावर आमच्या दातांचे डॉक्टर राहतात. भला माणूस, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलत नाही, दातांत बघून बोलतो. जिन्यातच त्यांनी मला धरलं. "आ करा." म्हटलं, "डॉक्टर, इथे?" "आ करा!" केला. म्हणाले, "ही काय भानगड?" मी पुडी गालात सारली आणि ऐटीत म्हटलं, "यात अपाय कमी." "कुणी सांगितलं?" "ड्रायव्हरने." मला वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "खोटं नाही सांगितलं त्याने. धूर छातीत जात नाही, शेजाऱ्याच्या नाकात जात नाही, तेवढं कमीच. पण कमी म्हणजे नाही नव्हे, काका. ट्रकखाली येण्यापेक्षा स्कूटरखाली आलेलं बरं, कबूल. म्हणून काय रोज सकाळी स्कूटरपुढे जाऊन आडवं पडायचं? हिरडी बघा आरशात, पुडी ठेवता तिथे पांढरी पडत चाललीय."

मी खाली आलो. हिने विचारलं, "डॉक्टर काय म्हणत होते?" मी म्हटलं, "म्हणाले, खोटं नाही." बाकीचं सगळं माझ्या कानापर्यंत आलं होतं हो, आत शिरायला जागा नव्हती.

आणि मग तो शनिवार.

दुपारची वेळ, स्थानक माणसांनी भरलेलं, आमचे पुकारणारे गृहस्थ रजेवर, त्यामुळे मायक्रोफोनही माझ्याच पुढ्यात. मिशाची जलद गाडी लागली फलाट क्रमांक पाचवर. मी नुकतीच नवी कोरी पुडी ओठाखाली सरकवलेली. बटण दाबलं.

आता तुम्ही जरा "पाच" म्हणून बघा. म्हणा, म्हणा, लाजू नका. दोन ओठ एकमेकांना टेकल्याशिवाय "प" होतो का? नाही होत. माझा ओठ टेकत होता तो पुडीला. त्यामुळे माझ्या मनात होतं "फलाट क्रमांक पाच" आणि भोंग्यातून गेलं, "हलाट क्रहांक हाच!"

फलाट हाच!

दोन नंबरवरची माणसं म्हणाली, हाच. नऊ नंबरवरची म्हणाली, हाच. जी उठली होती ती परत बसली. बायकांनी बोचक्यांवर ठाण मांडलं. एक जण पाचकडे निघाला होता, त्याला बायकोने ओढून बसवला, "ऐकू येत नाही का? हाच म्हणतायत ना!" मी बघतोय, पाच नंबर रिकामा. म्हटलं, लोकांना ऐकू गेलं नसेल. पुन्हा बटण दाबलं, जोर लावून, "हाच! हाच!" लोकांनी माना डोलावल्या, आणखी ऐसपैस बसले. वेळ झाली, मिशाने हॉर्न दिला आणि गाडी निघाली. आत एक कंडक्टर आणि एक ठार बहिरे आजोबा. त्यांना माझं ऐकूच आलं नव्हतं, पाटी वाचून चढले होते!

मग काय, सगळं स्थानक माझ्या खिडकीवर. "हाच म्हणजे कुठला?" "हाच!" "हा?" "हा नाही हो, हाच!" "अरे, हाच तर म्हणतोय मी!" एक जण म्हणतो, "याला पक्षाघाताचा झटका आलाय, खुर्चीवरून उतरवा." मी मान खाली घालून वेळापत्रकात तोंड लपवलेलं, आणि त्या गोंगाटात कुणीतरी बाई विचारते,

"परतीची गाडी किती वाजता आहे?"

सवय हो! वर न बघता म्हटलं, "हाच हाजता."

"कुठल्या फलाटावरून?"

"हाच."

"बाबा, वर बघा."

बघितलं. लेक! रविवारी येणार ती शनिवारीच आलेली, आईबापाला चकित करायला. काखेला बॅग, कडेवर पिल्लू, आणि पिल्लू काचेत नाही, खरंखुरं, हातभरावर, माझ्याकडे टकामका बघतंय.

"भोंग्यावर तुमचा आवाज ऐकला," लेक म्हणाली. "तोंडात काय आहे?"

मी पुडी गालात सारून म्हटलं, "सिगारेट नाही गं. शप्पथ! धूर नाही ना? मग झा..."

"झालं" म्हणायला तोंड उघडलं आणि पुडी सटकली. पडली ती नेमकी खिडकीच्या फळीवर. आणि माझ्या नातीने... तोवर तिने मला आजोबा-बिजोबा काहीही मानलेलं नव्हतं... झडप घातली, मुठीत धरली आणि मूठ निघाली तोंडाकडे.

एवढीशी ती मूठ, पण उघडेना! लेक बोटं सोडवतेय, मी खिडकीतून अर्धा बाहेर, मनगट धरलंय, ती किंचाळतेय... शेवटी सुटली. तोंडात गेली नव्हती. ओठाला लागलीसुद्धा नव्हती. लेकीने पदराने तो तळवा पुसला, पुन्हा पुसला, पुसतच राहिली.

आरडाओरडा करेल, म्हटलं. केला नाही. इतकंच म्हणाली, "धूर नव्हता ना, बाबा?" आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली. बॅग मांडीवर. परत जायला बसतात तशी.

मी डबी कचऱ्यात टाकली. खिशातल्या सुट्ट्या टाकल्या. ड्रॉवरमधल्या टाकल्या. चुळा भरल्या. रांगेतला एक जण म्हणाला, "काका, घरचं मागाहून बघा, आमच्या गाडीचं सांगा." सांगितलं. सगळ्यांना सांगितलं, स्वच्छ. डोळा मात्र त्या बाकावर. उठावं, जाऊन पाय धरावेत, पण रांग हटेना, आणि लेक माझ्याकडे बघेना.

आणि परतीची गाडी लागली. कोण पुकारणार? मीच! स्वतःच्या लेकीची, स्वतःच्या नातीची परत जायची गाडी मी माझ्या तोंडाने पुकारली. बटण दाबलं आणि म्हटलं, "फलाट क्रमांक पाच." एकेक अक्षर ठणठणीत. आयुष्यात इतका चांगला "प" मी कधी काढला नसेल, आणि इतका नकोसाही.

लेक उठली. बॅग खांद्याला लावली. फलाटाकडे चार पावलं गेली, थांबली. वळून खिडकीशी आली. म्हणाली, "परत म्हणा."

"पाच," मी म्हटलं.

तिने पिल्लाला उचललं आणि खिडकीतून आत माझ्या अंगावर दिलं. "धरा. मला चहा प्यायचाय."

बस्स! तेव्हापासून जी ती माझ्या अंगाला चिकटली आहे! घरी पाऊल टाकलं की हात पसरते. एक हात तिच्या बुडाखाली, एक पाठीवर, हा असा. पाठीवरचा हात जरा उचलला की भोंगा. शर्टाला शेंबूड, खांद्याला लाळ. तलफ येते हो, का खोटं बोलू? अजून येते. जिन्यात उभा असलो की बोटं वळवळतात, वळवळतात तिच्या पाठीवर. तिला वाटतं, आजोबा थोपटतायत, ती आणखीच झोपते.

आणि लोक काय म्हणतात? डॉक्टर म्हणतात, "वा काका, हिरडी सुधारतेय, काय हो तुमचा निग्रह!" शिंपीण म्हणते, "काकांनी मनावर घेतलं म्हणजे घेतलं!" मिशासुद्धा परवा शटर खाली ओढून म्हणाला, "मानलं बुवा, सोडलीत तुम्ही."

कसली सोडलीय डोंबलाची! हात मोकळा मिळत नाही, एवढंच.