लिंबूपाणी पिणारं झुडूप

आधी ते रेकॉर्ड करायचं यंत्र इकडे ठेवा, माझ्या डोळ्यांसमोर, म्हणजे कधी चालू आहे नि कधी बंद ते मला दिसेल. हं. तर मी मालती, झाशीचीच, जन्म इथला, लग्न इथलं, आणि आता जाणंही इथूनच. आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले म्हणतात, कुठल्या गावचे ते आता कोणाला ठाऊक, पण इथले लोक अजून आम्हाला दक्षिणी म्हणतात आणि पुण्याला गेलं की तिथले विचारतात, तुम्ही हिंदीवाले का. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडायचं असलं की बुंदेली, असं आमचं चालतं. आमचे हे रेल्वेत होते आणि मी घरी शिलाई करत असे, ब्लाउज, परकर, पडदे, काय सांगू तुम्हाला, अर्धी गल्ली माझ्या मशीनखालून गेली. आणि या धंद्यात माणूस संशयी होतोच हो. बाई कापड देते, म्हणते पूरा है बहनजी, आणि टेप लावली की चार बोटं कमी, आणि नंतर तीच गल्लीभर सांगणार की मालतीने कपड़ा बचा लिया. म्हणून मी कापड तिच्यासमोर मोजून घेत असे. हे हसायचे, म्हणायचे तू देवाने दिलेला दिवससुद्धा टेप लावून घेशील. घेईन, का नाही घ्यायचा.

हे गेले त्याला वर्ष होऊन गेलं. शेवटी शेवटी अंथरुणातच होते. गेले, दिवसवार झाले, पाहुणे आपापल्या घरी गेले, आणि एके सकाळी मी परसात कपडे वाळत घालायला गेले तर मागच्या भिंतीला लागून एक झुडूप. गुडघ्याएवढं. पान गुळगुळीत, तेल लावल्यासारखं चमकणारं, जोडीजोडीनं आलेलं, पण बरीच पानं पिवळी पडलेली, शिरा तेवढ्या हिरव्या. फूल नाही, कळी नाही. मी लावलेलं नव्हतं. मुलाला विचारलं, तो म्हणाला मला परसात काय आहे तेच माहीत नाही, ते मात्र खरं. मग सुनेला विचारलं. सून माझी रेखा, मऊरानीपुरची, मराठी सगळी समजते पण बोलत नाही. ती म्हणाली, पता नहीं अम्मा, ऐसे ही कोई पौधा होगा. आणि असं म्हणून राहिली आणि माझ्याकडे बघेना. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी एक पान तोडलं, रुमालात गुंडाळलं आणि विचारत फिरले. देवळातल्या गुरुजींच्या बायकोनं बघितलं, म्हणाली कनेरची, म्हणजे आपल्या कण्हेरीची, काहीतरी जात असेल, विषारी असते, काढून टाका. नातीनं फोनमध्ये फोटो काढला, तर फोन म्हणाला कॉफी. आता झाशीत कॉफी कोण लावणार, इथे तर लोक चहासुद्धा उन्हाला शिव्या देत पितात. मग नर्सरीत गेले. तिथला भैया म्हणाला फुलाशिवाय पक्कं सांगता येत नाही, पर माताजी, गंधराज हो सकता है. मी म्हटलं हे तर केसांच्या तेलाचं नाव झालं. वर तो खताची थैली पण दाखवायला लागला, तेव्हा कळलं याला माल खपवायचाय. पान परत घेतलं आणि घरी आले.

आणि आता ऐका. एक दिवस पहाटे जाग आली, खिडकीतून बघते तर रेखा त्या झुडपाशी वाकलेली, हातात लोटा, आणि लोट्यात लिंबू पिळून राहिली. सगळं पाणी मुळाशी ओतलं आणि सालं पदरात लपवून आत आली. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही हसाल, पण लिंबू कशाला वापरतात ते इथे कोणाला सांगावं लागत नाही. चौकात पडलेलं लिंबू आम्ही ओलांडत नाही. मी घरातली लिंबं फडताळात कुलपात ठेवायला लागले, तर ही ताक घेऊन जायला लागली. आंबट ताक. मी बघत होते.

मग तो फोन. ती तिच्या भावाशी बोलत होती, स्वैपाकघरात, दार लोटून, बुंदेलीत, कारण तिला वाटतं मला बुंदेली फक्त भांडायला येते. म्हणाली, ई साल अनंत जर पकर लेय बस, फिर कोऊ नईं हटा पाहै, अम्मा खों ना बतइयो. म्हणजे यंदा अनंतनं इथे मूळ धरलं की त्याला कोणी हलवू शकणार नाही, आणि अम्माला सांगू नको. मी दाराबाहेर कणकेची परात घेऊन बसले होते, सगळं ऐकलं.

आता अनंत कोण, ते सांगते. अनंत म्हणजे आमचे धाकटे दीर, ग्वाल्हेरला असतात. सासरे गेल्यावर या मागच्या परसाच्या जागेवरून ते आणि हे यांच्यात बोलणं बंद झालं ते शेवटपर्यंत. अर्धं परस माझं, असं त्यांचं म्हणणं. तेराव्याला आले होते, जेवण झाल्यावर हात धुवायच्या निमित्तानं परसात, मागच्या भिंतीशी किती वेळ उभे होते ते मी पाहिलं होतं. आणि झुडूप उगवलं ते नेमकं त्याच भिंतीशी. म्हणजे खूण. उद्या म्हणतील, हे बघा, इथपर्यंत आमचं, झाडसुद्धा लावलंय. आणि माझी सून त्यांना सामील, आणि वर बोलायची रीत बघा, चुलत सासऱ्याला नुसतं अनंत, ना काका, ना जी. मला सगळ्यांत जास्त ते लागलं, खरं सांगते. हे असते तर त्यांना सांगितलं असतं. ते नव्हते, तर कोणाला सांगू. रात्रंदिवस तेच डोक्यात, की हे घर माझ्या हातातून चाललंय आणि घरातलंच माणूस ते घालवतंय.

दुसऱ्या दिवशी रेखा बाजारात गेलेली बघून मी कुदळ काढली. या वयात कुदळ, पण राग असला की उचलली जाते. पहिला घाव मातीत घातला आणि मागून पिशवी पडल्याचा आवाज आला, बटाटे घरंगळत माझ्या पायाशी. रेखा धावत आली आणि झुडपाच्या पुढे बसलीच, दोन्ही हात पसरून. म्हणाली, अम्माजी, अनंत को हाथ मत लगाइए. मी म्हटलं, कुठे आहे तुझा अनंत, बोलाव त्याला, माझ्यासमोर बोलाव. मग झुडपावर हात ठेवून म्हणाली, यही तो हैं. बाबूजी के अनंत.

मी कुदळ बाजूला टाकली, अनंत म्हणजे फुलाचा अनंत!

लहान असताना माझे मामा सागरहून यायचे, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून अनंताची फुलं आणायचे. पांढरी, जाड पाकळीची, एक फूल ठेवलं तर अख्खी खोली भरून जायची. आई एक केसांत माळायची आणि एक देवापुढे. झाड मी कधी बघितलंच नाही, फूल तेवढं बघितलं. लग्नात माळायला मागवली होती ती वाटेत काळी पडली, आणि ते मी ह्यांना जन्मभर ऐकवलं, दर उन्हाळ्यात, की या गावाला अनंत सोसत नाही. ते ऐकून घ्यायचे आणि पेपर वाचायचे. मला वाटायचं ऐकतच नाहीत.

यांच्या आजारपणात मी भाच्याच्या लग्नाला गेले होते, तेव्हा त्यांनी रेखाला सांगून तिच्या भावाकडून ते मागवलं. परत आल्यावर मी त्यांच्या उशापासून हलले नाही, परस सगळं रेखाच बघायची. तो बिचारा अनंत अनंत करत सगळ्या नर्सऱ्या फिरला, लोक विचारायचे, कौन अनंत भैया, इथे काम करतात का. शेवटी यांनीच अंथरुणातून फोनवर वासाचं वर्णन केलं तेव्हा एकानं ओळखलं की हे गंधराज. रेखा मात्र बाबूजी म्हणाले तेच नाव धरून बसली. इथलं पाणी खारं, त्यानं पान पिवळं पडतं, म्हणून लिंबू. आणि यांनी तिला बजावलं होतं, फूल येईपर्यंत अम्माला सांगायचं नाही, ती रोज उकरून बघेल मूळ धरलं का. हे सांगताना रेखा रडली, मग मीही रडले. मला बरंच वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम, आणि रागही आला त्यांचा, की मला सांगून गेले असते तर काय बिघडलं असतं. पण उकरून बघितलं असतं मी, ते खोटं नाही.

कुदळीचा घाव मुळाच्या बाजूनं गेला, वाचलं. आता लिंबू मी पिळते, सालं लपवत नाही. तरी माझ्या मनात अजून आहे, की नर्सरीवाल्यानं भलतंच काही दिलं नसेल कशावरून. फूल आल्याशिवाय मी मानायची नाही.

आता जवळ या, आणि ते यंत्र बंद करा पाहू. बरं, राहू दे चालू. भिंतीकडच्या फांदीला, पानाच्या आड, एक कळी आहे. हिरवी, पिळा घातल्यासारखी. परवा दिसली. रेखाला अजून दिसलेली नाही. पोर गुणी आहे, देव तिचं भलं करो, पण तिला सांगू नका. रोज जाऊन हात लावून बघेल ती. फूल येईपर्यंत सांगायचं नाही.