धडधाकट पोरीची किडनी

...आन् आता तुम्ही बी तेच इचारणार, "पोरीला झालंय काय?" अवं, काय न्हाई झालं! काय न्हाई झालं म्हणून तर रक्त घेतलं! पुण्याहून एक डॉक्टरीणबाई शाळेत आल्या, म्हणल्या, "किडनीसाठी रक्त तपासायचंय, पण आम्हाला फक्त निरोगी मुलं हवीत." तुम्हाला सांगते, मीच हौसेनं तेजश्रीला पुढं ढकलली. नववीतली पोर, दिसायला काडी, पण कबड्डीत चढाईला गेली की तिघी-तिघींना वढत रेषेवर आणती... हिच्याहून निरोगी वडगाव रासाईत हाय कोण? धडधाकट पोर हाय हो माझी!

पण 'निरोगी' शाळेच्या फाटकातच ऱ्हायलं, आन् गावात शिरली ती नुसती 'किडनी'! सांजच्याला शेजारच्या कस्तुराबाई शहाळं घिऊन दारात. "घाबरू नगंस गं, एकीवर बी माणसं जगत्यात." म्हणलं, मावशे, दोन्ही चांगल्या हायत! तर पदर डोळ्याला. "आईच तू, दुसरं काय म्हणशील?" घ्या! शहाळं मीच प्याले... बोलून बोलून घसा सुकलेला.

तिथवर बी चाललं असतं. पण कबड्डीच्या सरांनी पोरीला भाईर बसवली! जिल्ह्याच्या मॅचा तोंडावर, आन् सर म्हणत्यात, "रिस्क नको ताई, रिपोर्ट आणा." पोर जेवंना. आणला रिपोर्ट... तर क्रिएटिनिन म्हणून किडनीचा एक आकडा असतोय, त्याच्यापुढं ठळक काळ्या अक्षरात 'लो'! सर म्हणले, "बघा, कमी हाय." मला वाटलं, मार्कासारखंच असंल, वाढवू की! लागले पोरीच्या तोंडात अंडी कोंबायला. आमचे हे म्हणले, "निकाल लागल्यावर अभ्यास घेतीस व्हय?"

शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आन् स्पीकर चालू करून धरला सरांच्या कानाला. त्या हसायलाच लागल्या. "अहो, शेजारी छापलंय ते माप मोठ्या माणसांचं! अंगात मांस कमी, तर हा आकडाही कमी. किडनी उत्तम आहे. मुलांचं माप ठरवायलाच तर आम्ही रक्त घेतलं ना!" म्हंजी बघा, आजीचा झंपर नातीला घालायचा, आन् वर म्हणायचं, पोर वाळली! मी काय येगळं सांगत हुते? धडधाकट पोर हाय हो माझी!

घेतली बाई एकदाची टीममधी. काल दौंडच्या पोरींसंगं मॅच. तेजी चढाईला गेली की त्या पोरी नुसत्या बाजूला सरकत्यात! धरली तरी कशी, तान्हं लेकरू धरावं तशी! हिनं निम्मी टीम एकटीनं बाद केली, आम्ही जिंकलो. मॅच सुटल्यावर त्यांची कॅप्टन आली, तेजीचा हात धरून म्हणती, "किडनीला लागलं न्हाई ना गं? आमच्या मॅडम म्हणल्या, आजारी हाय, जपून धरा."

भीमा वलांडून गेली हो बातमी! मी सांगायला तोंड उघडलं... तर आमच्या सरांनी असे डोळे वटारले, की मिटलं.

उद्या यवतला फायनल. म्हणलं, "तेजे, मैदानात शिरताना जरा खोक."

"आई, किडनीनं खोकला येत न्हाई."

म्हणलं, "कुणाला ठावं हाय गं ते... खोक तू."