मामा आणि गेममधलं गोडाऊन

गोळीबाराच्या गेममध्ये आता राम उरला नाही म्हणताय, पण हे आमच्या मामाने सायबर कॅफेच्या काळातच सांगितलं होतं. मामा मानकोलीचा, भातशेतीच्या जागेवर गोडाऊन बांधून भाड्याने देणारा. त्याचा रिकामा गाळा मला गेमिंग कॅफेसाठी हवा होता, म्हणून आधी त्यालाच खेळायला बसवलं. गेममध्ये दोन टोळ्या एका गोडाऊनसाठी लढत होत्या. मामाने एकही गोळी झाडली नाही. भिंतीच्या कडेने फिरत राहिला, तीनदा मेला, तरी पुन्हा तिथूनच चालायला लागला.

"मामा, गोळी मार ना!"

"थांब रे. इथं ट्रक आत घ्यायला वाटच न्हाय."

"मग?"

"मग या गोडाऊनसाठी एवढी माणसं मरतात कशाला?"

मी गाळ्याचा विषय काढलाच नाही.